ऑर्किडची पानं एकेक करून गळतायत, नवीन पान वाढतच नाही: फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम

कुंडीवाली_पुणे

नमस्कार. चौथा मजला, पूर्वेची गॅलरी, ग्रिलला हिरवी शेडनेट. ऊन सकाळी साधारण साडेनऊपर्यंत. तीन ऑर्किड आहेत आणि तिन्हींचं काहीतरी बिनसलंय. माहिती शक्य तेवढी नेमकी देते.

१. फॅलेनॉप्सिस, जांभळं. फेब्रुवारीत फुलांसकट आणलं, मेपर्यंत फुलं टिकली. चार इंची पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, वरून मॉस (झाड लावायचं वाळवलेलं शेवाळ) दिसतं. जुलैपासून खालची तीन पानं पिवळी होऊन गळाली. उरलेली दोन मऊ पडलीत, लांबीत सुरकुत्या आहेत. मधून आलेलं नवीन पान पाच-सहा सेंटीमीटरवर अडकलंय.

२. फॅलेनॉप्सिस, पांढरं. हे टवटवीत दिसत होतं. गेल्या आठवड्यात एक पान हात लावताच निखळलं. पान जवळजवळ पूर्ण हिरवं, फक्त देठापाशी पिवळं आणि खोडाला चिकटतं तिथे काळपट.

३. डेंड्रोबियम, जांभळं-पांढरं, पाच दांडे. दोन जुन्या दांड्यांवर एकही पान नाही. या वर्षीचा दांडा मागच्याच्या निम्माच झाला. एका जुन्या दांड्याच्या टोकाला छोटं रोप फुटलंय.

पाणी पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, आता तीनदा. पाणी आरओ मशीनमधून वाया जाणारं. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), महिन्यातून एकदा, लिटरला एक चमचा. शिवाय अधूनमधून तांदळाचं धुवण. मॉसवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी खर साचलीये. उघडे दांडे कापू का? आणि पहिलं वाचेल का?

---

मुळाक्षर

तिन्ही झाडांचे आजार वेगळे आहेत, त्यामुळे एकच उपाय तिघांना करू नका. दुसरं झाड आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा. त्याला वापरलेली कात्री, झारी, पाण्याची बादली दुसऱ्या झाडाला नको.

गळलेलं पान कुठून पिवळं झालं ते आधी बघायचं. फॅलेनॉप्सिसला वर्षाकाठी दोन-तीन पानं येतात आणि सगळ्यात खालचं एखादं जातं. ते टोकाकडून सावकाश पिवळं होतं, कागदासारखं वाळतं, मग सुटतं. यात काळजीचं काही नाही. दोन-तीन महिन्यांत खालची तीन पानं गेली आणि वरची मऊ पडली, तर मुळं गेली असं समजा. आणि देठापाशी पिवळं होऊन हिरवं पान निखळलं तर खोडात बुरशी शिरलेली असण्याची शक्यता मोठी. तुमचं पहिलं झाड दुसऱ्या प्रकारातलं, दुसरं झाड तिसऱ्या.

लांबीत सुरकुतलेलं मऊ पान म्हणजे झाड तहानलेलं आहे. कुंडी ओली असूनही ते तहानलेलं असेल तर पाणी ओढायला मुळंच शिल्लक नाहीत. नेमकं इथेच बहुतेक जण पाणी वाढवतात आणि राहिलेली मुळंही घालवतात. तुम्ही आता आठवड्यातून तीनदा घालताय. आजपासून बंद.

पहिलं झाड कुंडीतून काढा. मॉस कोमट पाण्यात सैल करा, ओढू नका. मधोमध बहुधा मॉसचा एक घट्ट गोळा किंवा प्लास्टिकच्या जाळीचा छोटा कप सापडेल. रोपवाटिकेत रोप लहान असताना ते त्यात वाढवतात आणि पुढे कुंडी बदलली तरी तो तसाच आत राहतो. बाहेरचा भाग दोन-तीन दिवसांत सुकतो, हा गोळा मात्र पावसाळ्यात दहा-दहा दिवस ओला. खोडाचा बुडखा नेमका त्याच्यात असतो.

मुळं रंगावरून पारखू नका. मॉसमध्ये दडलेलं निरोगी मूळसुद्धा पिवळट-तपकिरी दिसतं. दोन बोटांत दाबा. टणक असेल तर जिवंत. चपटं झालं, पाणी सुटलं किंवा वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहिला, तर मेलेलं. जिवंत मुळांचा रंग बघायचाच तर पाणी घातल्यावर दहा मिनिटांनी बघा: कोरडं असताना चंदेरी, भिजल्यावर हिरवं. हाच रंग पुढे पाणी कधी घालायचं तेही सांगतो. पारदर्शक कुंडीचा खरा फायदा तो.

काय सापडलं ते लिहा. मोजदाद महत्त्वाची आहे: टणक मुळं किती आणि साधारण किती लांब.

---

डेंड्रो_ठाणे

तिसऱ्यापुरतं मी लिहितो. उघडे दांडे कापू नका! दांडा हिरवा किंवा पिवळसर हिरवा आणि टणक असेल तोवर त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं आहे. नवा कोंब त्याच्यावर पोसला जातो. शिवाय आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक थाई संकरित डेंड्रोबियमना जुन्या, पान नसलेल्या दांड्यावरही पुन्हा फुलदांडा येतो. तपकिरी, पोकळ आणि दाबल्यावर कुरकुरणारा दांडा तेवढा बुडापासून काढा.

म्हणजे जुन्या दांड्यांची पानगळ हा तुमचा प्रश्न नाहीच. नवा दांडा मागच्याच्या निम्मा झाला, हा आहे. निरोगी डेंड्रोबियमचा प्रत्येक नवा दांडा आधीच्याइतका किंवा त्याहून उंच आणि जाड होतो. तो बुटका राहिला तर ऊन कमी, मुळं खराब किंवा खत अपुरं. दांड्याच्या टोकाला फुटलेलं रोप, ज्याला केकी म्हणतात, तीही बऱ्याचदा बुडातली मुळं बिघडल्याची खूण असते.

ऊन: मोबाइलवर लक्स मोजायचं अॅप मिळतं, अंदाजापुरतं ठीक आहे. फॅलेनॉप्सिसला १० ते १५ हजार लक्स पुरतात, डेंड्रोबियमला २५-३० हजार लागतात. एकाच शेडनेटमागे दोघांना ठेवलंत तर एक करपेल नाहीतर दुसरं उपाशी राहील. डेंड्रोबियम नेटच्या बाहेर, सकाळच्या थेट उन्हात टांगा. पण आठवडाभरात हळूहळू सरकवत न्या. एकदम नेलं तर पानावर पांढरे, मग तपकिरी चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. पानाचा रंग गडद बाटली-हिरवा असेल तर ऊन कमी, पोपटी हिरवा असेल तर बरोबर.

कुंडी: मुळांच्या मानाने घट्टच हवी. पाच दांड्यांना चार-पाच इंची पुरे. मॉस अजिबात नको. लाकडी कोळसा आणि विटांचे अडीच-तीन सेंटीमीटरचे तुकडे निम्मे निम्मे. विटा वापरण्याआधी रात्रभर भिजवा, नाहीतर पहिलं सगळं पाणी त्याच पितात.

केकी तिची मुळं पाच-सात सेंटीमीटर होईपर्यंत तशीच राहू द्या, मग दांड्याचा छोटा तुकडा ठेवून कापा.

आणखी एक. ऑक्टोबरच्या उन्हात लाल कोळी येतो. पानाच्या खालच्या बाजूला ओला पांढरा टिश्यू फिरवा. तांबूस-तपकिरी डाग उठला, किंवा पान खालून चांदीची धूळ बसल्यासारखं दिसलं, तर कोळीच. तो कीटक नाही, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मारून उपयोग शून्य. पानं खालून जोरदार पाण्याने धुवा. मग लिटरला ५ मिली नीमतेल आणि १ मिली पातळ साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. उन्हात मारलंत तर पानं भाजतील.

---

खतपाणी

पांढऱ्या खरीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आरओचं वाया जाणारं पाणी म्हणजे आधीच्याच पाण्यातले क्षार आणखी घट्ट केलेले. बागेतल्या जास्वंदीला चालेल, ऑर्किडला नाही. मॉस ते क्षार धरून ठेवतं. पाणी उडून जातं, क्षार साचत जातात. आधी मुळाचं हिरवं टोक तपकिरी होतं आणि वाढ थांबते, नंतर पानांची टोकं करपतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर असेल तर आकडे सांगा. खत घालण्याआधीचं पाणी २०० च्या आत असलेलं बरं, ४०० च्या वर असेल तर मुळांची टोकं टिकणं कठीण.

खताचा हिशोब: लिटरला एक चमचा म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. हे फार झालं, दहापट. अर्धा ग्रॅम लिटरला, म्हणजे सपाट चमचाभर खत दहा लिटर पाण्यात. महिन्यातून एकदा दणका देण्यापेक्षा हे पातळ पाणी दर आठवड्याला द्यावं आणि चौथ्या वेळी नुसतं पाणी भरपूर घालून कुंडी धुऊन काढावी.

१९:१९:१९ मध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतं, हे पाकिटावर कुणी वाचत नाही. नवीन पान टोकाला काळं पडून अडकतं तेव्हा बऱ्याचदा कॅल्शियमची चणचण असते, खासकरून मऊ किंवा आरओच्या शुद्ध पाण्यावर वाढवलेल्या झाडांत. महिन्यातून दोनदा कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम लिटरला, आणि एकदा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) तेवढंच. १९:१९:१९ धरून तिन्ही खतं वेगवेगळ्या दिवशी. घट्ट द्रावणं एकत्र केलीत तर पांढरा साका तळाशी बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही.

१९:१९:१९ मधलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीत जिवाणू ते भराभर फोडतात. कोळसा-विटांत ते काम मंद चालतं. कॅल्शियम नायट्रेटमधलं नत्र असं फोडावं लागत नाही; डेंड्रोबियमला वाढीच्या दिवसांत ते मानवतं त्याचं हेही एक कारण.

तांदळाचं धुवण कृपया बंद करा. केळीच्या सालीचं पाणी, कांद्याचं पाणी, तेही. मोकळ्या मातीत ठीक आहे. कुंडीतल्या मॉसमध्ये ती पेज आंबते, चिलटं येतात आणि मॉस सहा महिन्यांत चिखल होतं.

हे सगळं मुळं असलेल्या झाडाला. पहिल्या झाडाला सध्या खताचा थेंबही नको.

---

कुंडीवाली_पुणे

सगळ्यांचे आभार. दोन्ही फॅलेनॉप्सिस काढून बघितली.

पहिलं: जाळीचा कप निघाला, अगदी लिहिलं होतं तसा. आतलं मॉस काळं, आंबूस वास. टणक मुळं दोनच, एक आठ सेंटीमीटर आणि एक चार. दोन्ही वरच्या बाजूची, हवेतली. बुडखा दाबून बघितला, कडक आहे, वास नाही.

दुसरं: मुळं सात-आठ चांगली आहेत! पण पान निखळलं तिथे खोडावर काळा चट्टा आहे, साधारण वाटाण्याएवढा. त्याच्या वरच्या पानाचं देठही पिवळं व्हायला लागलंय.

टीडीएस: टाकीचं पाणी ३९० (सोसायटीत बोअरचं मिसळतात), आरओचं वाया जाणारं ५६०, प्यायचं ४०.

दालचिनी पूड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावा असं सगळीकडे वाचते. लावू का?

---

मुळाक्षर

पहिलं वाचायला हरकत नाही. बुडखा कडक आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं.

कपाची जाळी बाहेरून तीन-चार ठिकाणी कात्रीने कापा आणि तुकड्यातुकड्याने काढा. आख्खी ओढलीत तर चांगलं मूळही सोबत येईल. पातं आधी गॅसवर दहा-पंधरा सेकंद तापवून गार होऊ द्या. मेलेली मुळं बुडापासून कापा. सालीतून दिसणारे दोरे थोडे राहू दिलेत तर झाड कुंडीत उभं राहायला आधार होतो, पण सडलेली साल सगळी काढायची. मग सावलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर, रात्रभर कोरडं पडू द्या. लगेच भिजवू नका. कापलेली टोकं बंद व्हायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी: नवीन स्फॅग्नम मॉस भिजवून मुठीत इतकं पिळा की दाबल्यावर थेंब पडणार नाही. झाकणाच्या पारदर्शक डब्यात तळाला तीन सेंटीमीटर थर द्या. झाड त्यावर असं ठेवा की दोन मुळं मॉसला टेकतील आणि बुडखा मात्र मॉसच्या वर राहील. बुडखा ओल्यात बसला तर सगळी मेहनत वाया. झाकण लावून उजेडात ठेवा, ऊन डब्यावर पडता कामा नये, आतलं तापमान लगेच पस्तिशीच्या पुढे जातं. रोज पाच-दहा मिनिटं झाकण उघडून हवा द्या. आतल्या बाजूला नुसतं धुकं हवं; थेंब ओघळत असतील तर मॉस जास्त ओलं आहे.

नवीन मुळांचे हिरवे फुगवटे दिसायला एक-दोन महिने लागतात. या काळात पानं लगेच ताठ होणार नाहीत, काही सुरकुत्या कायमच्याच राहतात. मुळं चार-पाच सेंटीमीटर झाली की डब्यातून बाहेर, एकदम नाही, आठवडाभर झाकण थोडंथोडं जास्त उघडं ठेवत. कुंडी तीन इंचीच घ्या. थंडी पडायच्या आत हे सुरू होतंय ते बरं. १८ अंशांच्या खाली फॅलेनॉप्सिसची मुळं फारशी हलत नाहीत.

हायड्रोजन पेरॉक्साइड नको. सडलेल्याबरोबर मुळाची जिवंत टोकंही जळतात, आणि फेस आला म्हणजे औषध लागू पडलं असं नाही. दालचिनी कोरडेपणा आणते, म्हणून पानाच्या कापावर चिमूटभर चालते. मुळांवर टाकलीत तर मुळं वाळतात.

---

सह्यकडा

दुसऱ्याबद्दल. मुळं चांगली म्हणून निर्धास्त होऊ नका, उलट हे पहिल्यापेक्षा गंभीर आहे. देठापाशी पिवळेपणा, पान हिरवं असताना निखळणं आणि खोडावर कोरडा काळा चट्टा हे फ्युजेरियम बुरशीच्या खोडकुजीचं नेहमीचं चित्र. पान पाणचट होऊन दुर्गंध येत असता तर जिवाणूजन्य सड म्हटली असती. ती एक-दोन दिवसांत अख्खं पान खाते.

पिवळ्या देठाचं पान काढून टाका. ते मधल्या शिरेवर उभं चिरायचं आणि दोन्ही अर्धे दोन बाजूंना ओढायचे, म्हणजे खोडाला इजा न होता निघतं. चट्टा तापवलेल्या ब्लेडने कोरा, पांढरा-हिरवट स्वच्छ भाग लागेपर्यंत, दरवेळी ब्लेड पुन्हा तापवून. आता कोरलेल्या जागी नीट बघा. चट्टा वरवरचा असेल तर कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) लिटरला १ ग्रॅम, ब्रशने त्या जागी लावा आणि बुडख्यावरही ओता. दहा दिवसांनी परत एकदा. हातमोजे घाला, आणि हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका. आत खोडाच्या मध्यापर्यंत तपकिरी किंवा जांभळट रेघ गेली असेल तर औषध तिथवर पोहोचत नाही. मग एकच मार्ग: रेघ संपते तिथून वर, निदान दोन मुळं वरच्या तुकड्याला राहतील असं खोड आडवं कापायचं. वरच्या तुकड्याला मुळं उरत नसतील तर झाड पिशवीत बांधून कचऱ्यात. कंपोस्टमध्ये नाही, आणि त्या कुंडीतलं मॉसही परत वापरायचं नाही.

कॉपर ऑक्सिक्लोराइडची (तांब्याचं बुरशीनाशक) फवारणी कुणी सुचवली तर डेंड्रोबियम तिथून हलवा. डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही, पानं गळतात, आणि मग तुम्ही आणखी एक धागा उघडाल.

माध्यमाबद्दल, म्हणजे कुंडीत काय भरायचं त्याबद्दल, माझं मत थोडं वेगळं आहे. मॉस रुग्णालयापुरतं, डब्यात, ठीक. उघड्या गॅलरीत कायमचं मॉस पावसाळ्यात घातकच. सह्याद्रीत सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड जून ते सप्टेंबर मुसळधार पावसात भिजते आणि त्याला काही होत नाही, कारण मुळं झाडाच्या सालीवर उघडी असतात, सर ओसरली की वाऱ्याने कोरडी होतात. (ते जंगलातून ओरबाडून आणू नका, घरात सहसा जगतही नाही.) फॅलेनॉप्सिसला पाइन बार्क (पाइनच्या सालीचे तुकडे) १० ते १५ मिलिमीटरचं तीन भाग, कोळसा एक भाग, बस. बार्क मिळत नसेल तर नारळाच्या सोडणाचे तुकडे, पण ते तीन-चार वेळा पाणी बदलत दोन दिवस भिजवून धुतलेले. त्यात मीठ असतं, मीटर घालून बघा, पहिल्या पाण्याचा आकडा घाबरवतो. सोडण दीड-दोन वर्षांत कुजतं, तेव्हा बदलायचं.

---

मुळाक्षर

सह्यकडा, मुंबई-कोकणात शंभर टक्के पटतं. पण पुण्यात मार्च ते मे दुपारची हवा इतकी कोरडी असते की नुसत्या बार्क-कोळशात फॅलेनॉप्सिसला रोज पाणी घालावं लागतं, आणि नोकरी करणाऱ्याकडून ते होत नाही. मी बार्कमध्ये पाचवा हिस्सा मॉस सुट्टं करून मिसळा म्हणेन, गोळा करून नाही. पावसाळ्यात कुंडी ग्रिलवरून आत, खिडकीशी.

पाण्याची वेळ सकाळची. गाभ्यात, म्हणजे वरच्या दोन पानांच्या बेचक्यात, पाणी साचलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. रात्रभर तिथे पाणी राहिलं की गाभा सडतो, आणि फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं. ते गेलं की बुडाशी पिल्लू फुटण्याची वाट बघण्यापलीकडे काही हातात नाही. डिसेंबरात टाकीचं गारठलेलं पाणी थेट पानांवर ओतू नका, खोलीत तासभर ठेवून मग घाला. गार पाण्याने पेशी फुटून पानावर खोलगट चट्टे पडतात, लोक ते बुरशी समजून औषधं मारत बसतात.

---

खतपाणी

आकडे बघितले. सोपा तोडगा: प्यायचं पाणी दोन भाग, टाकीचं एक भाग. मिश्रण साधारण १५५-१६० ला बसेल, आणि बोअरच्या पाण्यातलं थोडं कॅल्शियमही मिळेल. नुसतं ४० चं घालत राहिलात तर कॅल्शियम नायट्रेट चुकवून चालणार नाही. पुढच्या पावसाळ्यात पाणी साठवता आलं तर उत्तम, पहिल्या एक-दोन सरींचं सोडून; त्यात गच्चीची धूळ उतरते.

---

कुंडीवाली_पुणे

दुसऱ्याचा चट्टा कोरला, आत रेघ नाही. औषध लावलं. पहिलं डब्यात गेलं. शेवटचे दोन प्रश्न: पहिल्याचा जुना फुलदांडा अजून हिरवा आहे, ठेवू की कापू? आणि डेंड्रोबियमला थंडीत पाणी तोडायचं का?

---

मुळाक्षर

कापा. बुडाशी दीड-दोन सेंटीमीटर ठेवून. निरोगी झाडाचा हिरवा दांडा ठेवला तर फाटा फुटून पुन्हा फुलं येतात, पण दोन मुळांवरच्या झाडाला तो चैनीचा खर्च आहे. पुढच्या वर्षी फुलदांडा आला आणि पानं चारापेक्षा कमी असतील तर तोही बोटभर असतानाच खुडा.

---

डेंड्रो_ठाणे

तुमचं बहुधा थाई संकरित, म्हणजे फुलांचा लांब तुरा दांड्याच्या शेंड्याकडून येणारं. त्याला पाणी पूर्ण तोडायचं नाही; आठवड्याला एकदा, खत अर्ध्यावर. पुण्यात रात्रीचा पारा १५ च्या खाली गेला की ते पानं टाकतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत रात्री घरात घ्या, दिवसा उन्हात. ज्याची फुलं दांड्याच्या प्रत्येक पेरावर येतात ते नोबिल जातीचं. त्याला नोव्हेंबरपासून खत बंद, पाणी नाममात्र आणि थंडी चालतेच, उलट हवीच असते. तुमच्या झाडाचा फुलं असतानाचा फोटो असेल तर टाका, कोणतं ते लगेच कळेल.